पीएचडीच्या जागा कमी पडतात त्या गाइडच्या मर्यादेमुळे की रखडलेल्या भरतीमुळे?

कृष्णाकाठ
यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमावलीनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 पीएचडी संशोधक. 2016 पासून हेच आकडे आहेत. ही मर्यादा वाढवायला हवी. गाइड, म्हणजे पीएचडीचा मार्गदर्शक, होता येतं फक्त नियमित, पूर्णवेळ शिक्षकाला. सीएचबीवरच्या (तासिका तत्त्वावरच्या) शिक्षकाकडे पीएचडी असली तरी त्याच्या नावावर एकही जागा मिळत नाही. प्राध्यापक निवृत्त झाला आणि पद भरलं नाही की विभागाच्या 8 जागा गेल्या. त्यावर बोंबही होत नाही, कारण कागदोपत्री कुणी जागा कमी केलेल्याच नसतात.

रोस्टर
दुखणं बरोबर ओळखलंत, पण औषध पटत नाही. 8 चे 12 केले तर भरती टाळायला सरकारला आयतंच निमित्त मिळेल. दर सत्रात प्रत्येक संशोधकाला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. 8 जणांच्या वर्षाला 16 बैठका, 12 जणांच्या 24, वर एमएचे तास. मग प्रबंधाची प्रकरणं न वाचताच सह्या होतात. सॉफ्टवेअर उचललेली वाक्यं पकडतं, कच्चा युक्तिवाद पकडत नाही.

कृष्णाकाठ
मग दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाचं 2017 आठवा. आधीपासूनचे संशोधक मोजून मर्यादा लावली, आणि कित्येक केंद्रांत नव्यांसाठी जागाच उरली नाही. यूजीसीचे नियम बंधनकारक आहेत, असं दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च 2017 मध्ये सांगितलं. अशा वेळी पहिला फटका आरक्षणाला बसतो. विभागात 3 जागा असतील तर अनुसूचित जमातींचे साडेसात टक्के म्हणजे पाव जागाही होत नाही. आणि परदेशी संशोधक मात्र प्रत्येक गाइडला मर्यादेबाहेर 2 घेता येतात! तिथे दर्जा आड येत नाही का?

रोस्टर
परदेशींची सवलत मलाही पटत नाही. ती काढा. पण तिच्याकडे बोट दाखवून सगळ्यांचीच मर्यादा सैल करू नका.

मौखिकी
दोघांच्याही हिशेबात वेळ आलेली नाही. निवृत्तीला 3 वर्षांहून कमी उरली की गाइडला नवा संशोधक घेता येत नाही. म्हणजे नवे प्रवेश निवृत्तीच्या 3 वर्षं आधीच थांबतात. आणि पद रिकामं झाल्यावर जाहिरात, छाननी, मुलाखती यांत जाणारा काळ वेगळाच.

दुसरं, जागा किती काळ अडते ते बघा. संशोधकाला 6 वर्षं लागली तर 8 जागांवर वर्षाला सरासरी सव्वा-दीड नवा प्रवेश होतो. तेच काम 4 वर्षांत झालं तर 2. मर्यादेला हात न लावता निम्म्याने वाढ! त्यासाठी वेळेवर विद्यावेतन हवं, आणि प्रबंध जमा झाल्याच्या दिवशीच जागा मोकळी धरायला हवी, मौखिकीची (तोंडी परीक्षेची) वाट बघत नव्हे.

कृष्णाकाठ
मोकळी धरा, मान्य. पण ज्या विभागात एकच नियमित शिक्षक उरलाय, तिथे मोकळं व्हायला आहेच काय?

रोस्टर
तिथे जाहिरात काढा. तीही निवृत्तीच्या 3 वर्षं आधी.