वरचं खाणं: तारीख बघून की बाळ बघून?

पहिलटकरीण:
बाळाला साडेपाच महिने झाले. आमच्या घासाकडे टक लावून बघतं. सासूबाई म्हणतात, आता भरव. माझं मत, सहा महिने पुरे होऊ द्यावेत. जागतिक आरोग्य संघटनाही तोवर फक्त अंगावरचं दूध सांगते. आणि टक लावून तर ते पंख्याकडेही बघतं!

दोन लेकरांची आई:
बघण्यावर नको जाऊस, खरंय. पण मान नीट धरतं का? आधाराने बसतं का? चमचा लावला की जिभेने बाहेर न ढकलता गिळतं का? हे सगळं जमत असेल तर पंधरा दिवसांसाठी मी अडून बसले नसते. युरोपातल्या बालपोषणतज्ज्ञांनी २०१७ मध्ये १७ आठवड्यांआधी नको आणि २६ च्या पुढे लांबवू नका असंच म्हटलंय. थोरलीला मी दहाव्या महिन्यापर्यंत गाळून गाळून पातळच दिलं. नंतर जरा गुठळी लागली की ओकायची. जेवण म्हणजे रोजची रडारड. ती हळहळ अजून आहे.

पहिलटकरीण:
१७ आठवडे ही ‘त्याआधी नको’ अशी हद्द झाली, मुहूर्त नव्हे. आणि गाळत बसणं ही वेगळी चूक, सहा महिने थांबण्याचा त्याच्याशी काय संबंध?

रात्रपाळीचा बाबा:
थांबण्यात काहीच धोका नाही, हे मला मान्य नाही. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा नको म्हटलं होतं. २००८ मध्ये ती भूमिका सोडली. शेंगदाण्याच्या ॲलर्जीवरच्या २०१५ च्या ‘लीप’ अभ्यासात तीव्र एक्झिमा (त्वचेवर कोरडे, खाजरे चट्टे) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं होती, वय ४ ते ११ महिने. काहींना शेंगदाणा दिला, काहींना टाळायला लावला. पाचव्या वर्षी ॲलर्जी निघाली ती शेंगदाणा टाळणाऱ्यांत शंभरात १७ जणांना, खाणाऱ्यांत ३. आमच्या मुलालाही एक्झिमा होता. डॉक्टरांनी आधी तपासणी केली, मग पाचव्या महिन्यात शेंगदाण्याचं मऊ वाटण पातळ करून दिलं. अख्खा दाणा मात्र कधीच नाही, घशात अडकतो.

दोन लेकरांची आई:
लोहाचंही बघ. जन्मतः मिळालेला साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो आणि अंगावरच्या दुधात लोह अगदी कमी. नुसत्या फळांच्या गरावर महिने काढू नकोस. अंडं, डाळी, मांस, जे खात असाल ते लवकर येऊ दे. मध मात्र वर्षाच्या आत नाही.

पहिलटकरीण:
लोहाचं पटलं. तारखेबाबत मी अजून सहावरच आहे. पण बाळाच्या गालांवर आणि कोपरांत खरखरीत चट्टे आहेत, त्यांचा खाण्याशी संबंध लावलाच नव्हता. उद्या डॉक्टरांना दाखवते. एक्झिमा निघाला तर पंधरा दिवसही थांबणार नाही.