सल्ला हवा: गणेशोत्सवातली चित्रपट-गाणी-खेळ प्रश्नमंजुषा, मांडवात वाद होणार नाहीत असे प्रश्न कसे काढावेत?

गच्चीवरचा_मांडव
नमस्कार मंडळी. सोसायटीच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ प्रश्नमंजुषेची ठरली आहे. विषय तीन: चित्रपट पुरस्कार, गाणी आणि खेळ. साधारण ७० घरं, वयं १० ते ७५. आरती साडेसातला संपते, रात्री १० ला स्पीकर बंद, म्हणजे हातात दोन तास धरा. संघ किती, प्रश्न किती, गाण्यांचे तुकडे कसे वाजवायचे हे हवं आहेच. पण मुख्य अडचण प्रश्नांचीच आहे. कच्चे प्रश्न देतो, बिनधास्त चिरफाड करा.

१) सुवर्णकमळ मिळवणारा पहिला मराठी चित्रपट कोणता?
२) 'नाटू नाटू'साठी ऑस्कर कोणाला मिळालं?
३) 'सैराट'साठी रिंकू राजगुरूला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार कोणत्या वर्षी मिळाला?
४) सर्वात जास्त गाणी कोणी गायली?
५) ऑलिंपिकमध्ये भारताला पहिलं वैयक्तिक पदक कोणी मिळवून दिलं?
६) एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक कोणाचं?

रजतपट_सत्तर
पहिल्या तिन्ही प्रश्नांवर वाद होणार. कारणं सांगतो, म्हणजे पुढचे प्रश्न काढतानाही उपयोग होईल.

प्रश्न १: तुम्हाला अपेक्षित उत्तर आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' (१९५३). पण १९५४ साली त्याला जे मिळालं त्याचं नाव 'राष्ट्रपतींचं सुवर्णपदक' असं होतं. 'सुवर्णकमळ' हा शब्द नंतरचा. एखादे आजोबा उठून, नंतर सुवर्णकमळ मिळवलेला 'श्वास' म्हणाले तर त्यांना चूक कसं ठरवणार? शिवाय आता 'श्यामची आई' म्हटल्यावर कोणता, हेही सांगावं लागतं. सुजय डहाके यांच्या २०२३ च्या 'श्यामची आई'ला ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. यातूनच चांगला प्रश्न निघतो: "एकाच नावाचे दोन मराठी चित्रपट. एकाला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोच्च सन्मान, दुसऱ्याला ७१ व्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा. नाव काय?" उत्तर एकच, आणि १० वर्षांच्या मुलालाही ओळखता येईल.

प्रश्न २: सर्वोत्कृष्ट गाण्याचं ऑस्कर संगीतकार आणि गीतकाराला मिळतं, म्हणून ते एम. एम. कीरवानी आणि चंद्रबोस यांना मिळालं. लोक राजामौली म्हणतील, गायकांची नावं घेतील, नाचामुळे राम चरण आणि ज्युनियर एनटीआरही येतील. "कोणत्या दोघांच्या हातात ऑस्करची बाहुली आली" असं विचारा आणि एकच नाव आलं तर ५ गुण की शून्य, ते आधीच जाहीर करा. त्या वर्षी भारताची अधिकृत प्रवेशिका 'आरआरआर' नव्हती, गुजराती 'छेल्लो शो' होती. हा स्वतंत्र प्रश्न म्हणून फार छान आहे.

प्रश्न ३ तर मुळातच चुकीचा. रिंकू राजगुरूला ६३ व्या पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. सर्वोत्कृष्ट अभिनेत्री त्या वर्षी कंगना राणावत होती. आणि 'कोणत्या वर्षी' हा शब्द राष्ट्रीय पुरस्कारांच्या प्रश्नात घालूच नका. चित्रपट कोणत्या वर्षात धरायचा ते सेन्सॉर प्रमाणपत्राच्या तारखेवर ठरतं, प्रदर्शनाच्या नाही. ६३ वे पुरस्कार २०१५ च्या चित्रपटांसाठी, जाहीर झाले मार्च २०१६ मध्ये, आणि 'सैराट' थिएटरात आला २९ एप्रिल २०१६ ला. 'कोर्ट'चंही तसंच: पुरस्कार मार्च २०१५ मध्ये जाहीर, प्रदर्शन एप्रिलमध्ये. एका चित्रपटाला तीन वेगवेगळी वर्षं लागू शकतात. म्हणून वर्षाऐवजी 'कितवे पुरस्कार' सांगा आणि चित्रपटाचं नाव विचारा.

सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेले मराठी चित्रपट हा आमच्यासारख्यांचा आवडता विषय. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव' असे पाच. त्यात 'देऊळ'चा पुरस्कार 'ब्यारी' या चित्रपटासोबत विभागून होता, हे विसरून "५९ व्या पुरस्कारांतला सर्वोत्कृष्ट चित्रपट कोणता" विचारलंत तर दोन उत्तरं बरोबर येतील. ऑस्करला भारतातर्फे गेलेले मराठी चित्रपट वेगळे: 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट'. दोन याद्यांची सरमिसळ करू नका. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' पहिल्या यादीत नाही.

आणखी एक सापळा. फाळके पुरस्कार मिळालेल्या सुलोचना म्हणजे मूकपटांच्या काळातल्या रूबी मायर्स (१९७३ चा पुरस्कार). आपल्या सुलोचनादीदी लाटकर यांना महाराष्ट्र भूषण मिळाला, आणि लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण यांना २०२२ मध्ये पद्मश्री. "सुलोचना" एवढंच उत्तर मागणारा प्रश्न काढू नका, पण तिघींची सांगड घालायला लावणारी जोड्या-जुळवा उत्तम होईल.

सीमारेषा
खेळांचं मी घेतो.

प्रश्न ५ मध्ये 'स्वतंत्र' हा एकच शब्द राहून गेला आहे. खाशाबा जाधव, हेलसिंकी १९५२, फ्रीस्टाइल कुस्ती, बँटमवेट, कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्याआधी १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड यांनी २०० मीटर धावणे आणि २०० मीटर अडथळा शर्यतीत रौप्य मिळवलं, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती पदकं भारताच्या नावावर धरते.

प्रश्न ६ मध्ये 'पुरुषांच्या' हा शब्द हवा. सचिनचे नाबाद २०० ग्वाल्हेरला २४ फेब्रुवारी २०१० चे. त्याच्या १२ वर्षं आधी, डिसेंबर १९९७ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने महिलांच्या विश्वचषकात डेन्मार्कविरुद्ध द्विशतक केलं होतं. आणि कुठे? मुंबईत, वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर! माझ्या मते पुरुष-महिला घालून प्रश्न वाचवण्यापेक्षा तो उलटाच करा: "एकदिवसीय क्रिकेटमधलं जगातलं पहिलं द्विशतक महाराष्ट्रातल्या एका मैदानावर झालं. फलंदाज कोण?" अर्धा मांडव सचिन म्हणेल, आणि ग्वाल्हेर महाराष्ट्रात नाही हे लक्षात येताच पुन्हा विचार करेल. प्रश्नातच वाट दाखवलेली असली की चुकलेला माणूसही खूश होतो.

पॅरालिंपिकवर एक तरी घ्या. मुरलीकांत पेटकर, १९७२, ५० मीटर फ्रीस्टाइल पोहणे, भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. २०२४ च्या 'चंदू चॅम्पियन'मुळे नाव मुलांनाही माहीत आहे. शहर विचारणार असाल तर उत्तर हायडेलबर्ग. त्या वर्षीचं ऑलिंपिक म्युनिकला होतं, त्यामुळे घाईत उत्तरपत्रिकेत म्युनिक लिहिलं जातं.

चालू खेळाडूंवर 'सर्वाधिक धावा', 'सर्वाधिक बळी' असे प्रश्न नकोत. आज तपासलेला आकडा विसर्जनापर्यंत बदलू शकतो. निवृत्त खेळाडूंचे आकडे पक्के असतात: तेंडुलकरांची १०० आंतरराष्ट्रीय शतकं, किंवा कसोटीत १०,००० धावांचा टप्पा पहिल्यांदा ओलांडणारे गावसकर (अहमदाबाद, मार्च १९८७).

गच्चीवरचा_मांडव
दोघांचे मनापासून आभार. सहातले पाच गेले म्हणायचे! चौथ्याचं काय? आणि गाण्यांचे तुकडे कोणी समजावेल का?

काळी_चार
चौथा प्रश्न सोडून द्या. १९७४ च्या गिनेस आवृत्तीत लता मंगेशकरांचं नाव आलं, मोहम्मद रफींनी त्यावर हरकत घेतली, १९९१ मध्ये नोंद काढली गेली, २०११ मध्ये आशाताईंचं नाव आलं, २०१६ मध्ये पी. सुशीलांचं. मोजण्याची पद्धत प्रत्येक वेळी वेगळी. झाकीर हुसेन यांची एकूण ग्रॅमी किती, यातही याद्या जुळत नाहीत. "फेब्रुवारी २०२४ च्या एकाच रात्री तीन ग्रॅमी मिळवणारे भारतीय वादक" असं विचारलंत तर उत्तर पक्कं.

आता तुकडे. क्रम असा ठेवा:

१. तुकडा ८ ते १२ सेकंदांचा. गाण्याआधीचं संगीत पहिल्या फेरीला, कडव्यांमधलं संगीत अवघड फेरीला. शब्द एकही ऐकू येता कामा नये, आलापसुद्धा कापा.
२. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे तुकडे एकत्र घेऊन 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' करा. नाहीतर १९६५ चं गाणं कुजबुजतं आणि अजय-अतुलचं पुढच्या गल्लीत जातं.
३. फाइल मोनो (डावा-उजवा आवाज एकाच वाहिनीत) करून साठवा. मांडवातल्या मिक्सरला लॅपटॉपची एकच वाहिनी जोडलेली असते असं खूप वेळा होतं. मग दुसऱ्या बाजूला ध्वनिमुद्रित केलेली बासरी गायब, आणि नेमकी तीच ओळखीची खूण असते.
४. फाइलींना ०१, ०२ असे नुसते क्रमांक द्या. गाण्याचं नाव दिलंत तर पडद्यावर उत्तर दिसतं.
५. फोनवरून वाजवणार असाल तर विमान मोड चालू ठेवा. ब्लूटूथ टाळा, ३.५ मिमीची तार वापरा, एक जास्तीची तार खिशात ठेवा.
६. ढोल-ताशाची मिरवणूक जवळून जाणार असेल तर तिची वेळ विचारून घ्या आणि तेव्हा खेळांची फेरी लावा.

गाणं निवडताना मूळ ध्वनिमुद्रण आहे ना ते पाहा. ॲपवर शोधलं की नव्या गायकाने पुन्हा गायलेलं वर येतं. नाट्यसंगीतात जास्तच जपा: 'कट्यार काळजात घुसली' नाटक १९६७ चं, संगीत जितेंद्र अभिषेकी, चित्रपट २०१५ चा. काही पदं तीच, गायक वेगळे. "हे कोणी गायलं" विचारायचं तर वाजवलेल्या तुकड्यात आवाज असायलाच हवा.

पुरस्कार आणि गाणी एकत्र आणायची तर राष्ट्रीय पुरस्कारांतली पार्श्वगायनाची यादी सोन्याची खाण आहे. आनंद भाटे ('बालगंधर्व', ५९ वे), सुरेश वाडकर ('मी सिंधुताई सपकाळ', ५८ वे), महेश काळे ('कट्यार', ६३ वे). आणि 'जोगवा'! ५६ व्या पुरस्कारांत अजय-अतुलला संगीत, हरिहरन आणि श्रेया घोषाल दोघांनाही पार्श्वगायन, उपेंद्र लिमयेंना अभिनय. 'झिंगाट'वर लोक नाचतात ते ठीक, पण अजय-अतुलचं सर्वात खोल काम 'जोगवा'तच आहे आणि परीक्षकांनी ते ओळखलं, याचा मला फार आनंद वाटतो. ज्येष्ठांसाठी 'साधी माणसं'चं 'ऐरणीच्या देवा' वाजवा आणि संगीतकार विचारा. उत्तर 'आनंदघन' किंवा 'लता मंगेशकर', दोन्ही ग्राह्य धरा.

रजतपट_सत्तर
'जोगवा'ला अनुमोदन. पण 'सैराट'च्या वाद्यवृंदाला कमी लेखू नका, तिथली भव्यता आधी मराठीत नव्हतीच.

पुढचा_संघ
रचनेबद्दल. संघ तिघांचे करा, प्रत्येकात एक १५ च्या आतला आणि एक ५० च्या वरचा. वेगवेगळ्या पिढ्या एका संघात नसतील तर जुन्या गाण्यांची फेरी एकतर्फी होते.

लेखी चाळणी: २० प्रश्न, २० मिनिटं, त्यातले ५ तारांकित. बरोबरी झाली की तारांकितांचे गुण पाहायचे. तपासायला १५ मिनिटं, तेवढ्यात प्रेक्षकांना प्रश्न विचारा. मंचावर ६ संघ, तीन फेऱ्या, प्रत्येकी १२ प्रश्न. वाचन, विचार, उत्तर, खुलासा मिळून प्रश्नाला २ मिनिटं लागतात, म्हणजे ७२. एकूण १०७ मिनिटं, पावणेआठला सुरू केलंत तर दहाच्या आत संपतं.

प्रश्न पुढे सरकवण्याची पद्धत नीट ठेवा. ड संघाने उत्तर दिलं तर पुढचा प्रश्न इ पासून सुरू करा. कोणालाच आलं नाही तर ज्याच्यापासून तो प्रश्न सुरू झाला, त्याच्या पुढच्या संघापासून. दर वेळी ठरलेल्या संघापासून सुरुवात केली तर कच्च्या संघाशेजारी बसलेल्याला फुकट संधी मिळत राहतात. सहा प्रश्नांनंतर दिशा उलटी करा. थेट आणि सरकून आलेल्या उत्तराला गुण सारखेच, १०.

फिल्मफेअरचे प्रश्न मी कमीच ठेवेन. लोकांना आठवतात ते सोहळ्यातले नाच, विजेते नाहीत. शिवाय पार्श्वगायनाचा पुरस्कार १९५९ साली सुरू झाला आणि सुरुवातीला गायक-गायिकांना मिळून एकच होता, त्यामुळे जुन्या वर्षांचे प्रश्न फसतात.

काळी_चार
तो शेवटचा मुद्दा म्हणजेच उत्तम प्रश्न आहे की! लताबाई आणि मोहम्मद रफी एकाच गटात, हे ऐकून लोक चकित होतात.

पुढचा_संघ
पटलं. एक ठेवा.

गच्चीवरचा_मांडव
हे सगळं घेऊन एक प्रश्न नव्याने लिहिला, बघा: "कोल्हापूरची ही कन्या ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय ठरली. ती कोण?"

सीमारेषा
मराठीत क्रियापदच उत्तर फोडतं. 'कन्या', 'ठरली', 'ती' वाचल्यावर रहमान, पूकुट्टी, सत्यजित राय सगळे आपोआप बाद. 'या व्यक्तीने' किंवा 'यांनी' लिहा.

रजतपट_सत्तर
आणि हकीकत आत घ्या: "कोल्हापुरात जन्मलेल्या या व्यक्तीने १९८३ साली मिळालेली बाहुली नीट जपली जावी म्हणून २०१२ मध्ये ऑस्कर देणाऱ्या संस्थेकडे सुपूर्द केली. व्यक्ती कोण आणि पुरस्कार कशासाठी?" भानू अथैया, 'गांधी'ची वेशभूषा. जॉन मोलो यांच्यासोबत विभागून होता, ते खुलाशात सांगा.

पुढचा_संघ
पडद्यावर आकडे अंकातच दाखवा आणि वाचताना इंग्रजीतही म्हणा. इंग्रजी माध्यमातली मुलं 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर'मध्ये हमखास अडखळतात, आणि तुमच्या पुरस्कार फेरीत ५९ वे पुरस्कार दोनदा आहेत. अंतिम बरोबरीसाठी आकड्याचा एक प्रश्न राखून ठेवा, जवळचं उत्तर जिंकेल: बेलिंडा क्लार्कने त्या डावात किती धावा केल्या? नाबाद २२९. वांद्र्याच्या मैदानाचा प्रश्न आधी येणार असेल तर खुलाशात धावा सांगायच्या नाहीत, एवढं सूत्रसंचालकाच्या कागदावर लाल पेनाने लिहून ठेवा.