बाळंतपणानंतरचं नैराश्य: नाशिकमध्ये परवडणारे उपचार कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. तिचं पहिलंच बाळंतपण, बाळ अडीच महिन्यांचं, राहायला सिडकोत. बाळंतिणीला सुरुवातीला उगाच रडू येतं आणि दोनेक आठवड्यांत ते ओसरतं, हे ऐकून होते. हिचं ओसरलं नाही, वाढत गेलं. बाळ गाढ झोपलं तरी हिच्या डोळ्याला डोळा लागत नाही. पाळण्यावर ओणवी होऊन त्याचा श्वास चालू आहे ना ते बघत राहते. परवा म्हणाली, "ताई, मी याची आई व्हायलाच नको होतं." ऐकून पोटात खड्डा पडला.

टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन केला. मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. घरात बाळंतीण असेल तर हा नंबर लिहून ठेवाच. नंतर बाळंतपणानंतरचं नैराश्य चाचपायची एडिनबरा प्रश्नावली तिच्याकडून भरून घेतली. गेल्या सात दिवसांबद्दलचे दहा प्रश्न असतात. ३० पैकी १७ आले. हे काही निदान नव्हे, पण डॉक्टरांना दाखवायलाच हवं इतकं नक्की. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याला "कधीच नाही" म्हणाली, तेवढा धीर आला. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घेतोय, त्यानेही असा थकवा येतो.

सासूबाई मायाळू आहेत, पण "अंगावर पाजतेय, गोळ्या नकोत" यावर अडून बसल्यात. सर्ट्रालीनसारखी नैराश्यावरची औषधं स्तनपान चालू असतानाही डॉक्टर देतात, हे त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवायचंय.

अडचण पैशांची. एका खाजगी समुपदेशकांनी तासाला हजार सांगितले. दर आठवड्याला ते झेपणार नाही, तिचा नवरा अंबडला कंपनीत कामाला आहे.

त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते? तान्ह्या बाळाला घेऊन गेलं तर किती ताटकळावं लागतं? नवऱ्याचा ईएसआय (कामगार विमा) कापला जातो. सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ भेटतात का? पाथर्डी फाटा, इंदिरानगर भागात ऐपतीप्रमाणे फी घेणारं कुणी माहीत असेल तर कृपया सांगा. आणि यातून गेलेली कुणी तिच्याशी फोनवर बोलायला तयार असेल तर मला व्यनि (खाजगी निरोप) करा.

तिच्या नवऱ्याला गुरुवारी सुट्टी आहे, त्याआधी कळलं तर त्याच दिवशी घेऊन जाऊ.