पैसे नक्की कुठे अडतात?

"आरोग्य योजनेचे पैसे सरकार भरतं, मग खासगी रुग्णालय पैसे का मागतं?" हा अनेकांचा प्रश्न अगदी रास्त आहे. राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते यादीतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांपुरतंच. नुसती ओपीडी, म्हणजे दाखल न होता केलेली तपासणी, त्यात बसत नाही.

सुरगाणा-पेठ तालुक्यांतून नाशकात रुग्ण आणला की गाडं अडतं ते बहुतेकदा नावापाशी. रेशनकार्डावर 'सखू', आधारवर 'सखुबाई'. नव्या सुनेचं नाव अजून माहेरच्याच कार्डावर. हे तहसीलच्या पुरवठा शाखेत आधीच दुरुस्त करून ठेवा, आजारपणात धावपळ होते.

दाखल होताना डिपॉझिट भरण्याआधी आरोग्यमित्राच्या (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाच्या) टेबलावर नोंदणी करा. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला योजनेकडून पूर्वमंजुरी आली का, ते विचारा. तातडीच्या वेळी ती फोनवरूनही मिळते. रुग्णालयाला पॅकेजचा, म्हणजे त्या उपचाराचा सगळा मिळून, ठरलेला दर मिळतो. तो परवडत नाही म्हणून काही रुग्णालयं "इम्प्लांट (शरीरात बसवायचा कृत्रिम भाग) बाहेरून आणा" म्हणतात, तिथे ठाम राहा. औषधं, इम्प्लांट, जेवण सगळं पॅकेजमध्येच धरलेलं असतं. पैसे घेतलेच तर पक्की पावती मागा आणि योजनेच्या 155388 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पावतीशिवाय तक्रार टिकवणं फार अवघड जातं.