सिग्नलला ‘डी’मध्ये गाडी थरथरते, ‘एन’मध्ये शांत. माउंट की गिअरबॉक्स?

घोडबंदरवाली:
पेट्रोल गाडी, टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, ८५ हजार किमी झालेत. मानपाडा, कापूरबावडीच्या सिग्नलला ब्रेक दाबून ‘डी’मध्ये थांबलं की स्टिअरिंग, सीट सगळं थरथरतं. आरशात मागच्या गाडीचा नंबर वाचता येत नाही. ‘एन’ला टाकलं की बंद. एसी लावला की वाढतं. चालताना काही नाही, चेक इंजिनचा दिवाही नाही. गॅरेजवाले म्हणतात गिअरबॉक्स उघडू. बाबांना मणक्याचा त्रास आहे, त्यांना घेऊन निघायचं तर धास्तीच वाटते.

नेरुळकर:
ताई, गिअरबॉक्स उघडू देऊ नका! ‘डी’मध्ये थांबल्यावर टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) भार इंजिनावर येतोच, वर एसीचा कॉम्प्रेसर. ती थरथर बॉडीपर्यंत येऊ न देणं हे माउंटचं, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांचं काम, आणि माझा पहिला संशय तिथेच.
आधी आरपीएमचा काटा बघा. ‘डी’त टाकल्यावर जरा खाली येऊन स्थिर राहिला तर ठीक. नाचत असेल तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करून घ्या, प्लग तपासा. मग ‘आर’ टाकून बघा. त्यात इंजिन उलट्या बाजूला कलतं, त्यामुळे ‘डी’ आणि ‘आर’च्या थरथरीत फरक असेल तर माउंटच धरा. शेवटी बॉनेट उघडा, कुणाला तरी ब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही धरून ‘डी’-‘आर’ करायला सांगा. इंजिन उसळतंय का ते कळेल. बघणाऱ्याने बाजूलाच उभं राहायचं, गाडीसमोर मुळीच नाही.

ऐरोलीचा:
स्कॅनर लावून मिसफायरही (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) बघा. दिवा लागण्याआधी कधी कधी तिथे दिसतो. माझी एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच-गिअर यंत्रच बदलतं) आहे, तिलाही हेच लागू का?

नेरुळकर:
नाही. एएमटीत ब्रेकवर थांबलं की क्लच सुटलेला असतो, ‘डी’ आणि ‘एन’मध्ये फरक जाणवायला नको. जाणवत असेल तर क्लच दाखवा.

घोडबंदरवाली:
काटा स्थिर आहे, ‘आर’मध्ये थरथर बरीच कमी. भावाला ब्रेकवर बसवून बघितलं, इंजिन चांगलंच उसळतं. उजव्या माउंटखाली काळा ओघळही दिसला.

नेरुळकर:
मग तेल भरलेलं माउंट फुटलंय, बदला. खालच्या टॉर्क रॉडचं (इंजिनाचं कलणं आवरणारा दांडा) रबरही त्याच वेळी बघून घ्या. आणि मेकॅनिकला बजावून सांगा, इंजिन आपल्या जागी मोकळं बसल्यावरच बोल्ट शेवटचे आवळायचे. रबर पिळलेलं राहिलं तर नव्या माउंटवरही थरथर जात नाही.