रोज २०० उड्या मारतोय, जंप तेवढीच आणि गुडघा दुखायला लागला

नेटजवळचा:
वय १९, कॉलेजच्या टीमकडून व्हॉलीबॉल खेळतो. स्मॅशला ब्लॉकच्या वर हात जात नाही म्हणून व्हिडिओ बघून प्लायोमेट्रिक्स (झटक्यात उड्या मारायचे व्यायाम) सुरू केलं, गच्चीवर रोज बॉक्स जंप (खोक्यावर उडी मारून चढणं), बेडूकउड्या आणि शेवटी टाकीच्या कठड्यावरून खाली उडी घेऊन लगेच वर उडी, सगळ्या मिळून २०० तरी होतात. तीन आठवडे झाले, फरक शून्य. आता जिना उतरताना डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली एकाच जागी दुखतं. महिन्यावर स्पर्धा आलीय, चालू ठेवू की बंद करू?

मैदानकर:
आधी उड्या बंद कर आणि फिजिओला दाखव. वाटीखाली एकाच जागी दुखतं म्हणजे बहुतेक जंपर्स नी, म्हणजे सारख्या उड्यांनी वाटीखालच्या टेंडनला (स्नायू-हाडं जोडणाऱ्या दोरीला) होणारी इजा. दुखत असताना खेळत राहिलास तर महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही रे.
प्लायोमेट्रिक्स हा दमवायचा व्यायाम नाहीये. नवख्याने एका दिवसात ८०-१०० वेळा पाय टेकले की बास, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान ४८ तास सुट्टी. दोन सेटच्या मध्ये दम पूर्ण परत येऊ दे. आणि कठड्यावरून जे करतोस ती डेप्थ जंप, सोव्हिएत कोच युरी वेर्खोशान्स्की यांनी ती आधीच तयार झालेल्या खेळाडूंसाठी काढली, तेही मोजक्याच उड्या. तू ती रोज काँक्रीटवर मारतोयस!

तालमीतला:
आमच्याकडे मातीत वर्षभर बैठका आणि सपाटे झाल्याशिवाय उड्यांना हात लावू देत नव्हते, ते का ते आता कळतं. आधी पायात ताकद पाहिजे. उतरताना धप्प आवाज आला तर समज सगळा दणका गुडघ्याला बसला, चवड्यावर टेकून गुडघे-कंबर वाकवत उतर, मांजरासारखं.

नेटजवळचा:
मग बॉक्स जंप पण नको का?

मैदानकर:
बरा झालास की ती चालेल, वर चढून थांबतोस म्हणून दणका कमी बसतो. फक्त खाली उडी मारू नको, एकेक पाय टाकून उतर.
आणि एक करून बघ, आत्ता नाही, दुखणं गेल्यावर. बोटाला खडू लावून भिंतीशी उभा रहा, गुडघे वाकवून तीन सेकंद थांब आणि मग उडी मार, खूण कर. नंतर न थांबता झटक्यात वाकून लगेच मार. दुसरी खूण वर जाते, कारण स्नायू आणि टेंडन ताणले की रबरासारखे परत ओढतात, थांबलास की तो ताण वाया गेला. सगळी ट्रेनिंग या एका झटक्यासाठी आहे, म्हणून दमलेल्या पायांनी मारलेली १५० वी उडी काही शिकवत नाही.

नेटजवळचा:
खरंय, शेवटच्या ५० तर मी नुसत्या कशाबशा उरकायचो. उद्या फिजिओकडे जातो, स्पर्धेचं सरांना आजच सांगतो.