पास ओलांडल्यावर दिसलेलं जांभळं रानफूल, कुणाला ओळखता येतंय का?

नमस्कार मंडळी,
शनिवारी स्नोक्वाल्मी पास (आपल्या वॉशिंग्टन राज्यातली खिंड) ओलांडून एलेन्सबर्गच्या पुढे डोंगरावर गेलो होतो, वर नुसते दगड आणि सेजब्रशची झुडपं, आणि त्यातच हे जांभळट गुलाबी फुलांचे गुच्छ, जेमतेम वीतभर उंच. फोटो जोडलेत. अ‍ॅप म्हणतंय डेम्स रॉकेट, आमच्या घरून म्हणणं आहे फ्लॉक्स. रोप आणून बागेत लावावं म्हणतेय.
स्मिता, बेलव्ह्यू

---

फ्लॉक्सच की! एप्रिल-मेमध्ये तिकडे जिकडेतिकडे तेच असतं.
अमोल

---

अमोल, आधी पाकळ्या मोज बाबा. फ्लॉक्सला पाच असतात आणि पानं समोरासमोर येतात. स्मिताच्या फोटोत चार आहेत, अधिकच्या चिन्हासारख्या, म्हणजे मोहरीचं कुळ. आपल्याकडे मुळा जून झाला की पांढरी-जांभळी फुलं येऊन डिंगऱ्या धरतात ना, तेच खानदान. फूल उघडून बघितलं असतं तर सहा पुंकेसर दिसले असते, चार लांब आणि दोन आखूड.

आता डेम्स रॉकेट. कुळ बरोबर आहे पण ते युरोप-आशियातून आलेलं, बागांतून पळालेलं झाड, कमरेएवढं वाढतं, त्याला ओलावा लागतो आणि खोडभर मोठी पानं असतात. स्मिताच्या झाडाची पानं सगळी खाली जमिनीलगत, राखाडी, लव असलेली, आणि बुडाशी जुन्या पानांचे वाळके देठ तसेच चिकटलेले, म्हणजे वर्षानुवर्षं तिथेच उभं असलेलं झाड आहे. तिकडे गव्हाच्या शेतांत एक ब्लू मस्टर्ड पण दिसतं, तेही जांभळं, पण ते बाहेरून आलेलं तण, एका हंगामाचं, आणि वास घाण.

माझ्या मते हे डॅगरपॉड, शास्त्रीय नाव फीनिकॉलिस कायरँथॉइडीज. अस्सल इथलं, त्या वंशात ही एकच जात. तिसऱ्या फोटोत खालच्या बाजूला शेंगा धरायला लागल्यात बघा, चपट्या, टोकदार, खोडापासून आडव्या निघालेल्या. खंजीरच! रंगावरून ओळखायला गेलात तर फसाल, शेंग आली की वादच मिटतो. नाव ठेवलंय थॉमस नटॉल या वनस्पतिशास्त्रज्ञाने, तो १८३४ मध्ये वायेथ नावाच्या व्यापाऱ्याच्या तुकडीबरोबर पार कोलंबिया नदीपर्यंत आला होता.

रोप मात्र उपटू नकोस गं. जाड मूळ दगडांत खोल गेलेलं असतं, तुटलं की झाड गेलं. शिवाय एलेन्सबर्गला वर्षाला साधारण ९ इंच पाऊस आणि आपल्या सिअ‍ॅटलला ३७च्या आसपास, पर्वताच्या पलीकडची पर्जन्यछाया. बेलव्ह्यूच्या चिखलात हिवाळाभर कुजेल ते. हौसच असेल तर देशी झाडांच्या नर्सरीत विचार आणि कुंडीत भरपूर खडी घालून लाव.
नाना

---

नाना, पाकळ्या मोजल्या, चारच आहेत, आमच्या घरी फ्लॉक्स पार्टी हरली! रोप नाही आणत. शेंगा बघायला परत कधी जाऊ?
स्मिता

---

मेअखेर ते जून, त्यानंतर ऊन सोसवत नाही. पायात लांब मोजे घाला, त्या झुडपांत वसंतात गोचिड फार, घरी आल्यावर पोरांची मानगूट आणि केस तपासा. राज्याच्या वाइल्डलाइफ खात्याच्या जागेत गाडी लावणार असाल तर डिस्कव्हर पास (परवाना) लागतो. आमच्या गाडीत दोन जागा आहेत, कुणाला यायचं असेल तर इथेच सांगा.
नाना